पाकळीचा ल

आनेकल हे नाव कानडी. ‘आने’ म्हणजे हत्ती, ‘कल्लु’ म्हणजे दगड. बेंगळुरूच्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या हद्दीलगतच्या या गावात बसून मी फॉन्टच्या फाइली नीट करण्याचे काम करतो. गावाचे नाव देवनागरीत लिहायचे झाले, की शेवटच्या अक्षरापाशी प्रश्न उभा राहतो. ‘आनेकल रोड’ स्थानकाच्या पाटीवरची देवनागरी हिंदीसाठी, म्हणजे तिथे उभ्या दांड्याचा ल अपेक्षित. मी लहानपणी गिरवला तो दोन पाकळ्यांचा. उच्चार एक, अर्थ एक, वळणे दोन. श चेही तसेच.

ही वळणे संगणकाच्या फार आधीची आहेत. एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे खिळे मुंबईत पाडले जात तसे कलकत्त्यातही, आणि छापखान्याच्या माणसांना मुंबई वळण व कलकत्ता वळण हा फरक एका नजरेत कळे. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने संस्कृत ग्रंथ इतके सुबक छापले, की ते देशभर गेले. केंद्रीय हिंदी निदेशालयाने १९६६ साली मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली, तेव्हा अ, झ आणि ण मुंबई वळणाचे घेतले. आज लखनौचा मुलगा जो अ गिरवतो तो आपल्याकडचा आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगण्याची गरजही नसावी. ल आणि श मात्र उत्तरेचे राहिले. तीन अक्षरे गेली आणि जिंकली, दोन घरीच राहिली. मला यात अन्याय दिसत नाही, समितीच्या टेबलावर होते तशी देवघेव दिसते. पुढे विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्टही र. कृ. जोशींनी काढलेला, म्हणजे मराठी कवी-सुलेखनकाराच्या हातचा.

खरी गाठ पडली ती युनिकोडमध्ये. तिथे ल ला एकच क्रमांक आहे आणि श लाही एकच. भाषा कोणतीही असो, मजकुरात तोच आकडा साठवला जातो. वळण कोणते दिसावे हे फॉन्टवर सोडलेले. तत्त्व म्हणून हे मला पटते, कारण वळण बदलल्याने शब्द बदलत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचे तसे नाही. तिथे रफार आणि अर्धा र यांच्यात समुद्र आणि डोंगर यांच्याएवढे अंतर आहे, म्हणून मजकुरातच वेगळी सोय करावी लागली: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून. ल ला तो मान मिळाला नाही. त्याला ‘शैली’ म्हटले गेले.

शैली ठेवण्याची जागा ओपनटाइपने दिली. हे स्वरूप मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी १९९६ मध्ये जाहीर केले. फॉन्टमध्ये पर्यायी आकारांचे वीस संच ठेवता येतात, एसएस ०१ ते एसएस २०. चार खुणांचे हे नाव बदलता येत नाही आणि त्यातून काही कळतही नाही. एका फॉन्टचा एसएस ०१ म्हणजे पाकळीचा ल, दुसऱ्याचा म्हणजे भलतेच काही. सोबत माणसाला वाचता येईल असे नाव जोडण्याची सोय आहे, पण पुष्कळ फॉन्टमध्ये ती जागा रिकामीच असते. दुसरा मार्ग ‘लोकल’ नियमाचा: मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल, तर फॉन्ट आपण होऊन मराठी वळण आणतो. नोंद नसेल तर दांडा. तुम्ही हे पान पडद्यावर वाचत असाल, तर वरच्या शीर्षकातला ल बघा. मी लिहिलेले अक्षर तेच आहे. दिसते ते या पानाच्या मांडणीने आणि तुमच्या यंत्रातल्या फॉन्टने ठरवले आहे.

मराठीसाठी फॉन्ट निर्यात करताना हे सगळे उलटवावे लागते, आणि इथेच मजा आहे. पाकळीच्या आकाराला मुख्य नाव द्यायचे, दांड्याच्या आकाराला पर्यायाचे. एवढ्याने भागत नाही. संचाला जोडलेले ‘मराठी ल, श’ हे जुने नाव तसेच राहिले, तर ते निवडणाऱ्याला नेमका हिंदी ल मिळतो. लोकल नियम राहिला तर त्याहून वाईट: भाषा न नोंदवणाऱ्या बेफिकीर माणसाला पाकळी दिसते आणि काळजीपूर्वक ‘मराठी’ नोंदवणाऱ्याला दांडा. शिवाय ल एकटा नसतो. अर्धा ल, ल्ल, क्ल, प्ल, श्ल ही सगळी बिऱ्हाडे हलवावी लागतात; एखादे मागे राहिले, की ‘लाल’ एका वळणाचा आणि ‘क्लेश’ दुसऱ्या. लोकल नियम जोडाक्षरे जुळण्याआधी चालतो आणि शैलीचा संच नंतर, म्हणून एकाचे नियम दुसऱ्यात उतरवून चालत नाही.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तो अद्ययावत केला. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असे शब्द आहेत. सरकारी कागदात पाकळी आणि देठ सापडणे हे तसे दुर्मीळच. पण त्या शब्दांमुळे माझे काम सोपे झाले. आता फॉन्टमध्ये संचाला नाव देताना मी ‘पर्यायी’ लिहीत नाही, ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ही लिहीत नाही. दिसतो तो आकार लिहितो: एसएस ०१, ‘दांड्याचा ल’.