लग्न कुठल्या गावी लावायचं?

आमच्या खानदेशात लग्न ठरलं की प्रश्नांची एक ठरलेली यादी असते. तिथी कोणती, बस्ता कधी फाडायचा, वऱ्हाड किती येणार, वरण-बट्टी कोणाकडून करून घ्यायची... आणि लग्न मुलीच्या गावी की मुलाच्या? या शेवटच्या प्रश्नावर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी तास-तास बसतात. मानपानाचा प्रश्न आहे बाबा, हसण्यावारी नेऊ नका.

गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न वेगळ्या अर्थानं घराघरात शिरला आहे. मुलगा अमेरिकेत किंवा जर्मनीत, मुलगी जळगावात. किंवा मुलगी ऑस्ट्रेलियात शिकायला गेली आणि तिथल्याच एका परदेशी मुलाशी तिचं जमलं. आता लग्न कुठे लावायचं? इथे की तिथे? कोणत्या कागदावर व्हिसा मिळेल? मग कोणीतरी अनुभवी काका सुचवतात, "आधी गुपचूप रजिस्टर करून टाका, व्हिसाचं काम मार्गी लागेल. लग्न काय, दिवाळीनंतर धुमधडाक्यात करू." या सल्ल्याकडे पुढे येतोच. पण त्याआधी थोडं मागे जाऊ या. कारण "कुठल्या जमिनीवर उभं राहिलं म्हणजे आपलं लग्न लग्न ठरतं?" हा प्रश्न व्हिसापेक्षा बराच जुना आहे, आणि तो आपल्या अगदी वेशीवर घडून गेलेला आहे.

इंग्रजांच्या काळातला खानदेशाचा नकाशा डोळ्यापुढे आणा. १९०६ साली या मोठ्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव. पश्चिम म्हणजे धुळे, ज्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला. हा सगळा मुलूख ब्रिटिश हद्दीत. पण शिरपूर ओलांडून आग्रा रोडनं सातपुडा चढलात की सेंधवा, म्हणजे होळकरांचं इंदूर संस्थान. पश्चिमेला नवापूरच्या पुढे सोनगड, म्हणजे गायकवाडांचं बडोदा. दक्षिणेला अजिंठ्याचा घाट चढला की निजामाचं राज्य. एकच भाकरी, एकच बाजार, सोयरीकही एकमेकांत. पण ओढा किंवा घाट ओलांडला की कायदा वेगळा!

आता ब्रिटिश हद्दीत काय होतं ते बघू. जात आणि धर्म एक असेल तर प्रश्नच नाही, भटजी आहेत, काझी आहेत, पाद्री आहेत. पण दोघांचे धर्म वेगळे असले तर? त्यासाठी १८७२ सालचा तिसरा कायदा होता, नोंदणी विवाहाचा. केशवचंद्र सेनांच्या ब्राह्म समाजाच्या खटपटीतून तो झाला. त्यातली अट मोठी विलक्षण. वधू-वरांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही. म्हणजे लग्न करायचं तर आधी दारात धर्म काढून ठेवायचा, चपला काढून ठेवतो तसा! पंडिता रमाबाईंनी १८८० साली बांकीपूरला बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं ते याच कायद्यानं. एक मराठी बोलणारी ब्राह्मण मुलगी, एक बंगाली बोलणारा शूद्र मानला गेलेला वकील. त्या दोघांचा तोवर रूढ धर्मावरचा विश्वास उडालेला होता म्हणून त्यांना ते लिहून देणं जमलं. ज्यांचा विश्वास होता त्यांनी काय करायचं?

१९२३ साली हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानं यात दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात, धर्म न नाकारता, नोंदणी लग्न करता येऊ लागलं. पण त्याचीही किंमत होती. असं लग्न करणारा हिंदू मुलगा एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं मानलं जाई, आणि तो एकुलता एक असेल तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घ्यायची मोकळीक कायद्यातच लिहिलेली होती. कल्पना करा, जिवंत मुलाच्या जागी दत्तक! आणि हिंदू-ख्रिस्ती जोडप्याला या दुरुस्तीचा उपयोग नव्हताच. त्यांच्यासाठी ख्रिस्ती विवाह कायदा होता, दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तर चालणारा, पण मग लग्न त्या कायद्याच्या रीतीनं.

संस्थानांत मात्र राजाच्या मनात आलं की कायदा होई. सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे धुळेकरांचे शेजारीच. त्यांनी बडोद्यात विधवाविवाह, बालविवाहबंदी आणि १९०८ साली नोंदणी विवाह असे कायदे एकामागून एक केले. जे मुंबईच्या कौन्सिलात वर्षानुवर्षं चर्चेत अडकून पडे, ते तिथे एका हुकमानं होई.

आणि आता उत्तरेकडची, सातपुड्यापलीकडची गोष्ट. इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२६ साली मुलाच्या हाती गादी सोपवली. १९२५ साली मुंबईच्या मलबार हिलवर झालेल्या बावला खून प्रकरणानं त्यांचं आसन डळमळलं होतं, त्याचा हा शेवट. पुढे त्यांची ओळख नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकेतल्या सिॲटलच्या तरुणीशी झाली. ती विशीतली, जन्मानं ख्रिस्ती. त्यांच्या घरात आधीच्या दोन राण्या.

आता दारं मोजा. नोंदणी विवाह? तो कायदा एका वेळी एकच जोडीदार मानणारा, म्हणून बंद. चर्च? तेही त्याच कारणानं बंद. उरलं एकच दार, हिंदू पद्धतीचं लग्न. त्या काळच्या हिंदू कायद्यात पुरुषाला दुसरी-तिसरी बायको चालत होती. पण त्यासाठी नवरी हिंदू हवी, आणि समाजानं मानायला हवं तर तिला जातही हवी! मग मार्च १९२८ मध्ये नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते नॅन्सीचं धर्मांतर झालं. तिचं नाव शर्मिष्ठा झालं. होळकरांच्या धनगर समाजातल्या एका कुटुंबानं तिला मुलगी म्हणून पदरात घेतलं. आणि १७ मार्च १९२८ रोजी होळकरांच्याच हद्दीत, नर्मदेकाठच्या बडवाहला लग्न लागलं.

नकाशावर नाशिक आणि बडवाह ही दोन टोकं जोडून बघा. मधे येतो तो आपला खानदेश. एका टोकाला धर्म बदलला, दुसऱ्या टोकाला अक्षता पडल्या.

त्या वेळी वर्तमानपत्रांनी या लग्नावर रकानेच्या रकाने भरले. कोणी शुद्धीचा विजय म्हणून आनंद मानला, कोणी धर्म बुडाला म्हणून कपाळावर हात मारला. पण मला त्या गदारोळापेक्षा एक साधा हिशेब जास्त खुणावतो. या लग्नासाठी कोणी काय सोडलं?

तिनं धर्म सोडला, नाव सोडलं, आईबापांच्या जागी दुसरे आईबाप पत्करले. आणि अजून एक गोष्ट होती, जी बडवाहच्या मांडवात कोणाच्या ध्यानात आली असेल की नाही कोण जाणे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं होतं की भारतीय माणूस अमेरिकी नागरिक व्हायला पात्र नाही. आणि १९२२ सालच्या केबल कायद्याप्रमाणे, अशा अपात्र परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी बाईचं नागरिकत्व जात असे. हे कलम १९३१ साली रद्द झालं. म्हणजे १९२८ सालच्या कायद्यानुसार सात फेऱ्यांबरोबर तिचा देशही सुटत होता. त्यांनी काय सोडलं? शोधून सापडत नाही.

हे मी तुकोजीरावांवर राग काढायला सांगत नाही. त्या दोघांचा संसार टिकला, चार मुली झाल्या, शर्मिष्ठादेवी या देशातच राहिल्या आणि १९९५ साली गेल्या. मुद्दा इतकाच की जिथे लग्न "होऊ शकतं" अशी जागा सापडते, तिथे दारावर जकातनाका असतोच. आणि ती जकात बहुतेक वेळा बाईच्या पदरातून जाते.

पुढच्या पिढीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. यशवंतराव होळकरांचं पहिलं लग्न कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगितादेवींशी झालं. मराठा-धनगर संबंध जुळावेत म्हणून शाहू महाराजांनी जी खटपट केली, तिचं हे फळ. संयोगितादेवी लवकर गेल्या. नंतर त्यांनी एका अमेरिकन बाईशी लग्न केलं, ते मोडलं, आणि १९४३ साली नेवाडा राज्यातल्या रेनो गावी घटस्फोट घेऊन युफेमिया क्रेन यांच्याशी तिसरं लग्न केलं. रेनोच का? कारण नेवाडानं १९३१ साली नियम केला होता, सहा आठवडे इथे राहा आणि घटस्फोट घेऊन जा. इंग्लंडमधली पळून आलेली जोडपी एके काळी स्कॉटलंडच्या वेशीवरच्या ग्रेटना ग्रीनला जात, त्यातलाच प्रकार. जिथला नियम सोपा, तिथे माणसं जाणारच. तर या तिसऱ्या लग्नातून मुलगा झाला, पण १९५० साली भारत सरकारनं होळकरांचा वारस म्हणून मान्यता दिली ती संयोगितादेवींच्या मुलीला, उषादेवींना.

माणसं अशी सीमा ओलांडतात म्हटल्यावर कायदाही त्यांच्या मागे धावायला शिकला. मुंबई प्रांतानं १९४६ साली हिंदूंमधल्या द्विभार्या विवाहाला बंदी केली, तेव्हा नुसतं "आमच्या हद्दीत बंदी" असं म्हटलं नाही. इथला रहिवासी बाहेर जाऊन दुसरं लग्न करून आला तरी ते रद्दच, असं लिहून ठेवलं. सेंधव्याला जाऊन बार उडवून यायची सोयच राहिली नाही म्हणा ना! १९४९ साली हिंदूंमधली आंतरजातीय लग्नं देशभर कायदेशीर ठरली. १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्यानं ती धर्म नाकारण्याची अट पुसून टाकली. आणि १९६९ सालच्या परदेशी विवाह कायद्यानं, दोघांपैकी एक जण भारतीय असेल तर परदेशातल्या आपल्या वकिलातीतही लग्न लावायची सोय केली.

म्हणजे आज जळगाव-धुळ्याच्या मुलामुलींपुढे दारं बरीच आहेत. दोघंही हिंदू असतील तर घरच्या मांडवात लग्न आणि मग त्याची नोंदणी. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका-महापालिकेत. धर्म वेगळे असतील तर जिल्ह्याचा विवाह अधिकारी. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, मग नोटीस, मग हरकतींसाठी आणखी तीस दिवस, शेवटी तीन साक्षीदार. सुट्टी काढून आलेल्या परदेशी नवरदेवाची तीन आठवड्यांची रजा यात कधी संपते ते कळतही नाही, म्हणून नोटीस आधीच देऊन ठेवायची हे शहाणपण. किंवा वकिलातीत. किंवा थेट तिकडे. अमेरिकेत वाग्दत्त वधूसाठी वेगळा व्हिसा आहे, पोहोचल्यावर नव्वद दिवसांत लग्न करायचं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. परदेशी ख्रिस्ती नवऱ्याशी नुसतं देवळात हार घालून लग्न केलं आणि हिंदू विवाह म्हणून नोंदवलं, तर ते लग्न टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली हे स्पष्ट केलं आहे. आणि सुरुवातीला सांगितलेला तो काकांचा सल्ला? एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती नागरत्ना आणि मसीह यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. परदेशी जाण्याच्या अर्जासाठी वेळ वाचावा म्हणून विधी न करताच हिंदू विवाहाची नोंदणी करून टाकतात, याची न्यायालयानं दखल घेतली आणि सांगितलं की विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू लग्न होत नाही. विचार करा, व्हिसा आला नाही, किंवा आला आणि मुलाचं मन फिरलं. "दिवाळीनंतरचं" लग्न राहून गेलं. मग ती मुलगी कोण? कागदावर लग्न झालेली, कायद्यानं न झालेली. मुलाचं काय जातं? तो तिकडे मोकळा. इकडे गल्लीत विचारणारे तिलाच विचारणार.

नोंदणीच आधी हवी असेल तर सरळ विशेष विवाह कायद्यानं लग्न करा. त्यात विवाह अधिकाऱ्यापुढे झालेलं लग्न हेच लग्न, विधी नंतर हौसेनं करा. वेळ जास्त लागतो, नोटीस लागते, शेजारीपाजारी वाचतात... खरं आहे. पण त्या वेळात एक गोष्ट नक्की होते. मुलगी एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा तिच्या हातात पूर्ण वजनाचा कागद असतो.

म्हणून तिथी आणि बस्त्याच्या चर्चेत "लग्न कुठे?" असा विषय निघाला, तर हॉलचं भाडं आणि व्हिसाची तारीख यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. या ठिकाणी, या पद्धतीनं लग्न लावलं तर कोणाला काय सोडावं लागतंय? नाव, धर्म, नोकरी, आईबापांचं घर, की उद्या काही बिनसलं तर दाद मागायचा हक्क? यादी दोघांची करावी, समोरासमोर. आणि एकाच बाजूची यादी लांबत चालली असेल, तर तिथी थोडी पुढे ढकलायला काहीच हरकत नसावी.