कुदळ आणि ताट

लोकांनी काय खावे हे राज्यकर्त्यांनी सांगू नये, असे आपल्याकडे सर्वसाधारण मत आहे. जिभेवर राज्य आईचे आणि आजीचे. तेथे मंत्र्याचे काय काम? तरीही आपल्या भूमीत पिकलेल्या भाज्या व फळे अधिक खा, असा उपदेश आज चोहोंकडून आपल्या कानांवर येतो. डॉक्टर सांगतात, शाळेची पुस्तके सांगतात. जागतिक आरोग्य संघटना तर रोज निदान ४०० ग्रॅम भाजी व फळे पोटात जावीत, आणि त्यात बटाट्यासारखे पिठूळ कंद धरू नयेत, असा आकडाच मांडते. उपदेश रास्त आहे. मग तो मनावर का घेतला जात नाही? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे, असा आमचा हेतू आहे. आणि त्यासाठी अवघ्या सहा वर्षांत आपले ताट बदलून दाखविणारा एक देश आम्ही निवडला आहे. तो म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटन.

१९३९ साली ब्रिटन आपल्या अन्नाचा सुमारे दोनतृतीयांश भाग परदेशांतून आणीत असे. गहू कॅनडाचा, लोणी न्यूझीलंडचे, संत्री स्पेनची, केळी वेस्ट इंडीज बेटांतील. समुद्रावर सत्ता होती तोवर या व्यवस्थेत कोणालाच वावगे दिसले नाही. पण त्या वर्षीच्या ३ सप्टेंबरला युद्ध पुकारले गेले आणि जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजे बुडवू लागल्या. एका बोटीत एकतर संत्री येणार, नाहीतर तोफगोळे. दोन्हींना जागा नव्हती. तेव्हा जे घरच्या मातीत पिकेल ते घरीच पिकवावे आणि तेच आवडीने खावे, याखेरीज गत्यंतर उरले नाही.

ऑक्टोबर महिन्यात शेतकी मंत्री रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी आकाशवाणीवरून देशाला आवाहन केले की, नागरिकांनी भाजीपाल्याचे आणखी पाच लाख तुकडे लागवडीखाली आणावेत. हे तुकडे म्हणजे नगरपालिका अल्प भाड्याने देत असलेली, प्रत्येकी सुमारे ३०० चौरस यार्डांची जमीन. ‘विजयासाठी खणा’ ही घोषणा पुढे घरोघर पोचली. लंडनच्या हाइड पार्कमध्ये वाफे पडले आणि टॉवर ऑफ लंडनच्या प्राचीन खंदकात भाजी उगवली. अशा तुकड्यांची संख्या आठ लाखांच्या आसपास होती, ती चौदा लाखांच्या घरात गेली. लक्षावधी एकर कुरणे नांगराखाली आली. शेतीवर काम करणाऱ्या स्त्रियांचे एक दलच उभारण्यात आले व त्यात ऐन भरात ८० हजारांहून अधिक स्त्रिया होत्या.

परंतु पिकविणे निराळे आणि खाणे निराळे. इंग्रज माणसाच्या ताटात मांस मुख्य आणि भाजी म्हणजे कडेला टाकलेला उकडलेला कोबी! ही सवय मोडावयाची होती. एप्रिल १९४० मध्ये अन्नमंत्री झालेले लॉर्ड वूल्टन हे मोठमोठी दुकाने चालविण्यात मुरलेले गृहस्थ होते. गिऱ्हाइकावर ओरडून माल खपत नाही, ही दुकानदाराची जाण त्यांनी मंत्रिपदावर आणली. रोज सकाळी सव्वाआठ वाजता आकाशवाणीवर पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. आज कोणती भाजी मुबलक आहे व ती कशी करावी, एवढेच गृहिणीला त्यात सांगत. बाजारात निघण्यापूर्वीची वेळ त्यासाठी हेरली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने बटाटे, गाजरे, फुलकोबी घालून एक भाजलेला पदार्थ तयार केला. त्याला मंत्र्याचेच नाव पडले. लोकांनी त्याची थट्टा केली, पण करून खाल्लाही.

या सर्वांमागे सर जॅक ड्रमंड हे जीवरसायनशास्त्रज्ञ उभे होते. जीवनसत्त्वांना अ, ब, क अशी अक्षरे लावण्याची सुटसुटीत रीत १९२० साली त्यांनीच सुचविली होती. संत्री दुर्मिळ झाली तेव्हा ‘क’ जीवनसत्त्व कोठून आणावयाचे? उत्तर कुंपणावर लोंबत होते. रानगुलाबाच्या लाल फळांत ते संत्र्याहून कितीतरी अधिक असते. १९४१ पासून शाळकरी मुले ती फळे वेचू लागली आणि त्यांचे सरबत लहान मुलांना देण्यात येऊ लागले. कालपर्यंत ज्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, ते राष्ट्राचे औषध ठरले.

गाजराची कथा थोडी वेगळी आहे. गाजरे उदंड होती, साखर नव्हती. म्हणून गोड पदार्थांत गाजर आले. त्याचबरोबर, गाजर खाल्ल्याने अंधारात चांगले दिसते, असा प्रचार झाला. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो हे खरे. पण निरोगी माणसाची दृष्टी जास्त गाजरांनी तीक्ष्ण होत नाही. ही अतिशयोक्ती तेव्हा खपून गेली. आमच्या मते मात्र आहाराच्या उपदेशकाने हा मोह टाळलेला बरा. एक गोष्ट फुगवलेली निघाली की दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो.

आता या यशाचे मर्म पाहू. लोणी, साखर, मांस यांवर रेशन होते. पण भाजीपाला युद्धकाळात कधीही रेशनवर आला नाही. कष्ट कराल तेवढा खा, अशी मोकळीक होती. आणि भाजीच्या वाफ्यामागे गव्हाची कोठारे उभी होती. कॅनडाचा गहू येतच राहिला, पावावर युद्ध संपेपर्यंत रेशन लागले नाही. भाजीने पोट भरा, असे त्या लोकांना कोणी सांगितले नाही. भरल्या पोटाला भाजीची जोड द्या, असे सांगितले. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर आपल्याच देशाने सर्वांत दारुण रीतीने पाहिले. तेच डॉर्मन-स्मिथ १९४१ मध्ये ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले आणि १९४२ मध्ये तो देश जपानच्या हाती गेला. तेथून येणारा तांदूळ बंद पडला. त्याच वर्षी हिंदुस्थानात ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम पुकारण्यात आली. घोषणा लंडनच्या घोषणेची बहीणच होती. पण बंगालमध्ये शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने खेड्यांतील होड्या काढून घेतल्या होत्या, किमती भडकल्या होत्या, आणि धान्याची जहाजे वेळेवर व पुरेशी आली नाहीत. १९४३ च्या त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. राज्य एकच, युद्ध एकच, उपदेशही जवळजवळ एकच! एकीकडे उपदेशाच्या पाठीशी जमीन, धान्य, दर आणि विज्ञान होते. दुसरीकडे केवळ भिंतीवरचा कागद. रिकाम्या हाताने केलेला उपदेश हा उपहास होतो, हा त्या वर्षांचा धडा आम्हांला वाटतो.

मग आपण काय घ्यावे? प्रथम ‘आपली भाजी’ म्हणजे काय, हा घोळ मिटवू. बटाटा, मिरची, पेरू, पपई, सीताफळ ही सर्व मूळची अमेरिका खंडातली. तरीही ती आज आपली नाहीत असे कोण म्हणेल? आपल्या मातीत, आपल्या हवेत, आपल्या शेतकऱ्याच्या हातून जे पिकते ते आपले. दुसरे, आपल्या कुंपणावरही रानगुलाब आहेत. आवळ्यात ‘क’ जीवनसत्त्व विपुल आहे. पहिल्या पावसाबरोबर टाकळा, शेवळे, करटोली डोंगरातून बाजारात येतात. वैशाखात करवंदे, पाठोपाठ जांभळे. त्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बाईशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि चकचकीत कागदात गुंडाळलेले परदेशी सफरचंद मात्र मुकाट्याने घेतो.

पण दोष केवळ खाणाऱ्याला देऊन भागणार नाही. भाजी खा असे सांगणाऱ्या प्रत्येकाला आपण चार प्रश्न विचारावेत. गरिबाला ती परवडेल असा दर आहे काय? पिकविणाऱ्याच्या पदरात काही पडते काय? शहरात वाफा घालावयास वीतभर जमीन शिल्लक ठेवली आहे काय? आणि ती भाजी चवदार कशी करावी, हे कोणी शिकवीत आहे काय? नगरपालिकेच्या पडीक जागा, शाळांची आवारे, मंडईतील शेतकऱ्याचा कट्टा हे सर्व आपल्या हातातले विषय आहेत. त्यासाठी महायुद्धाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या मृगाला निदान एखाद्या शाळेच्या आवारात भेंडी, गवार आणि दुधीभोपळ्याची अळी घातली गेली, तरी या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही समजू.