लॅम्बटनचे त्रिकोण आणि माझी जाळी

चंद्रपूरहून रेल्वेने वर्ध्याकडे जाताना हिंगणघाट लागते. २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन तिथेच वारला. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्याने भूमापनाचे त्रिकोण जोडत आणले होते. एक बाजू आणि कोन मोजले की पुढचे बिंदू गणिताने निघत. नकाशा फाटला तरी आकड्यांवरून पुन्हा काढता येई.

सिरोंच्याच्या पुराचा अभ्यास करताना मीही संगणकावर प्राणहितेच्या पात्राची त्रिकोणी जाळी विणली. मॅटप्लॉटलिबमधून तिचे चित्र पीएनजी स्वरूपात ठेवले. पुढे मूळ फाइल हरवली. चित्र मोठे केले, तर रेषांच्या जागी नुसते ठिपके. एसव्हीजी स्वरूपात प्रत्येक रेषेची टोके आकड्यांत राहतात. अक्षांशी ताळा घालून बिंदूंची खरी जागा काढता आली असती.

आता कडा रेषांतच ठेवतो. खोलीचे रंग मात्र ठिपक्यांत. नाहीतर त्रिकोणांच्या सांध्यांत पांढऱ्या फटी दिसतात.

लॅम्बटनमागे आकडे उरले, म्हणून एव्हरेस्टला काम पुढे नेता आले. मला माझी जाळी पहिल्यापासून विणावी लागली.