मानव-संगणक आंतरक्रिया संशोधन, आयडीसी (आयआयटी मुंबई)

पवईच्या आयआयटी मुंबईत १९६९ साली स्थापन झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील (आयडीसी, आता आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन) एक संशोधनशाखा. माणूस यंत्र वापरताना कुठे अडखळतो आणि ते यंत्र त्याच्या अंगवळणी पडेल असे कसे घडवावे, हा तिचा विषय. प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिपींच्या टंकनावर केलेले काम ही या शाखेची सर्वांत ठळक कामगिरी होय.

पार्श्वभूमी : संगणकाचा प्रचलित कळफलक इंग्रजी मुळाक्षरांसाठी घडला. व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे असा देवनागरीचा संसार त्याच कळांवर मांडताना इनस्क्रिप्ट या सरकारमान्य रचनेने स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे ठेवली. हात बसलेल्याला ती सोयीची वाटते. नवख्याला मात्र एकेक अक्षर हुडकावे लागते. २००४ मध्ये सीएचआय या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलेल्या ‘कीलेख’ कळफलकात जोशी यांच्या गटाने शाळेतल्या तक्त्याचाच आधार घेतला आणि अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावली.

स्वरचक्र : स्पर्शपडद्याचे मोबाइल हाती आल्यावर हाच विचार पुढे गेला आणि २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ हा मोफत कळफलक आला. व्यंजनावर बोट टेकले की त्याभोवती त्याच्या बाराखडीचे चक्र उमटते. ‘किल्ला’ लिहायचे असेल तर ‘क’वर बोट ठेवून ‘कि’कडे सरकवायचे आणि उचलायचे. मग ‘ल’चा पाय मोडायचा. लगेच कळांवर त्या ‘ल्’पासून होणारी जोडाक्षरे दिसू लागतात; त्यांतल्या ‘ल्ल’वर बोट ठेवून काना द्यायचा. जोडाक्षर कसे दिसेल हे लिहिण्याआधीच कळते, हा या रचनेचा मोठा गुण.

पहिलीत बाराखडी गिरवलेल्या कोणालाही नव्याने काही पाठ करावे लागत नाही. बाराखडीची चौकट बहुतेक भारतीय लिपींत समान असल्याने हीच युक्ती मराठीपुरती राहिली नाही. स्वरचक्र बारा भारतीय भाषांसाठी उपलब्ध झाले.

रचना केली आणि सोडून दिली, असे या गटाने केले नाही. तेच लोक दीर्घकाळ, पुन्हापुन्हा टंकन करत असताना मराठी कळफलकांची कामगिरी मोजली गेली. मोबाइलने शब्द सुचवल्याने मराठी टंकनाला खरोखर मदत होते का, हा प्रश्न त्यातूनच तपासला गेला आणि २०१६ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांपैकी गिरीश दळवी हे आयडीसीतील अध्यापक असून अक्षररचनाकार म्हणूनही परिचित आहेत.

इतर प्रकल्प : अक्षरओळख कमी असलेल्यांसाठी ‘रांगोळी’ हे दृश्य फोनबुक तयार करण्यात आले. ‘तमा’ ही दूरध्वनी-सेवा एचआयव्हीबाधितांना औषधोपचारात साथ देण्यासाठी होती. ध्वनिमुद्रित आवाज आणि फोनची बटणे एवढ्यावर ती चालत असल्याने साधा फोनही पुरे. पाच दवाखान्यांतील ५४ रुग्णांनी ती बारा आठवडे वापरली. रोजच्या जगण्यात ती टिकते आणि औषधे नियमित घेण्यास उपयोगी पडते, असे या चाचणीत आढळले. हे निष्कर्ष २०१४ च्या सीएचआय परिषदेत मांडले गेले.

या क्षेत्रातील ‘इंटरॅक्ट’ ही जागतिक परिषद सप्टेंबर २०१७ मध्ये आयआयटी मुंबईत भरली. ती भारतात येण्याची ही पहिलीच वेळ होती.