‘पासून’, ‘से’ आणि ‘सिन्स’

नांदेड-लातूरकडची मुलं इंग्रजी लिहिताना एक चूक हमखास करतात. ‘दोन वर्षांपासून’ असं म्हणायचं असलं की ‘सिन्स टू इयर्स’ लिहितात. मराठी शाळेतलं पोर असो की उर्दू शाळेतलं, चूक तीच. कारण मराठीचा ‘पासून’ आणि उर्दूचा ‘से’ एकट्यानेच दोन कामं करतात. इंग्रजीने ती वाटून दिली आहेत. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ झाला ते सांगायचं तर ‘फॉर’. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला, म्हणून तो ‘सिन्स १९८२’ आहे. ‘चाळीस वर्षांपासून’ म्हटलं की मात्र ‘फॉर फॉर्टी इयर्स’.

‘आधी’ आणि ‘पहले’ यांचंही तसंच. आजपासून मागे मोजलं तर ‘अॅगो’, एखाद्या घटनेपासून मागे मोजलं तर ‘बिफोर’. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्याच्या दोन वर्षं आधी घर बांधलं असेल तर तिथे ‘बिफोर’च हवा.

आपल्या भाषांना असा घोळ चालतो. उर्दूचा ‘कल’ मागचाही आणि पुढचाही. मराठीने ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे केले, पण ‘परवा’ दोन्हीकडे ठेवला. ‘परवा आला’, ‘परवा येईल’. क्रियापद सांभाळून घेतं.

कागदावर मात्र कोणी सांभाळून घेत नाही. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत आणि साल फसली. हे साल ऑक्टोबरात, आजूर महिन्याने सुरू व्हायचं. इसवी सन काढायचा तर त्यात ५९० मिळवायचे, जानेवारीनंतरची तारीख असेल तर ५९१. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झालं, तेव्हा फसली १३५७ चालू होतं. एखाद्या जुन्या कागदावर ‘१३४५ से’ असेल आणि नातवाने तो इसवी सन धरला, तर जमिनीचा ताबा सहाशे वर्षं मागे जातो. खरा काळ १९३५-३६ चा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं उघडली गेली, तेव्हा उर्दू वाचणाऱ्यांची गरज पुन्हा सगळ्यांना कळली.

म्हणून वर्गात नियम पाठ करून घेण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारावा: बाळा, तू कुठून मोजतोयस? त्याचं उत्तर नीट देणारं मूल ‘सिन्स’ही बरोबर लिहील, आणि उद्या आजोबांच्या पेटीतला कागदही बरोबर वाचेल.