पाऊण तासाचे गणित

येशूसंघाच्या सर्व महाविद्यालयांना लागू व्हावी म्हणून १५९९ साली जी शिक्षणसंहिता प्रसृत झाली, ती 'रात्सिओ स्तुदिओरुम' या लॅटिन नावाने शिक्षणाच्या इतिहासात विख्यात आहे. कोणी काय शिकवावे, कोणत्या ग्रंथावरून शिकवावे, वादसभा कशा भरवाव्यात, याचे बारीकसारीक नियम तीत आहेत. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात गणिताच्या प्राध्यापकाच्या वाट्याला मात्र अवघे तीन नियम आले आहेत. तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांना त्याने सुमारे पाऊण तास युक्लिडची 'मूलतत्त्वे' शिकवावीत आणि दोन महिन्यांत ती अंगवळणी पडली, की भूगोल अथवा खगोल यांतील काही भाग जोडीला घ्यावा, हा पहिला नियम. दर महिन्याला, निदान महिन्याआड, एखाद्या विद्यार्थ्याने तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकणाऱ्यांच्या भरसभेत एक नामांकित गणिती प्रश्न सोडवून दाखवावा, हा दुसरा. महिन्यातून एकदा, बहुधा शनिवारी, उजळणी घ्यावी, हा तिसरा.

पाऊण तास! विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचा आजचा विद्यार्थी हे वाचून हसेल. परंतु हा पाऊण तास कोणी सहजासहजी दिलेला नाही. त्यासाठी एका धर्मगुरूला आपल्याच संघबंधूंशी वर्षानुवर्षे वाद घालावा लागला. त्याचे नाव ख्रिस्तोफर क्लावियस.

क्लावियसचा जन्म १५३८ सालचा, जर्मनीतील बांबर्गचा. १५५५ साली तो येशूसंघात दाखल झाला आणि पुढील अध्ययनासाठी पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे गेला. २१ ऑगस्ट १५६० रोजी त्याने तेथे खग्रास सूर्यग्रहण पाहिले. गणित मात्र तो बहुतांशी स्वतःच शिकला. पुढे रोमच्या महाविद्यालयात, ज्याला 'कोलेजिओ रोमानो' म्हणत, तो गणिताचा अध्यापक झाला आणि १६१२ साली मृत्यू येईपर्यंत त्याने ते काम सोडले नाही. १५७४ साली त्याने युक्लिडची सटीक आवृत्ती काढली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली पंचांग सुधारले, ४ ऑक्टोबरच्या पाठोपाठ १५ ऑक्टोबर उजाडला, त्या सुधारणेचे गणिती समर्थन पुढे क्लावियसनेच लिहिले. पुनरुत्थानाच्या सणाची तारीख पाहण्यासाठी आम्ही धर्मगुरू दरवर्षी पंचांग उघडतो, तेव्हा या गृहस्थाचे नाव आमच्यापैकी किती जणांच्या मनात येते, देव जाणे.

संघाचे संस्थापक संत इग्नाती यांनी आपल्या घटनेत गणिताला जागा दिली होती. तथापि आपल्या ध्येयास पोषक ठरेल तेवढेच, अशी मर्यादाही घातली होती. ते 'तेवढे' म्हणजे नेमके किती, यावरूनच सारे रामायण घडले.

विरोधी पक्षाचा अग्रणी होता बेनितो पेरेरा, त्याच महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाचा स्पॅनिश अध्यापक. १५७६ साली रोममध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने सरळच म्हटले, की गणित हे खऱ्या अर्थाने शास्त्रच नव्हे. ॲरिस्टॉटलच्या मते वस्तूचे कारण दाखविते ते शास्त्र, आणि गणित तर कशाचेच कारण दाखवीत नाही. उदाहरण त्याने असे घेतले, की जे आपल्याकडील शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते. हे सिद्ध करताना युक्लिड त्रिकोणाची एक बाजू पुढे वाढवितो आणि त्या कोपऱ्यातून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढतो. मग कोनांशी कोन जुळतात आणि प्रमेय सिद्ध होते. पेरेरा विचारतो, ती काढलेली रेषा हे कारण आहे काय? ती काढली नसती, तर त्रिकोणाचे कोन दोन काटकोन झाले नसते काय?

आमच्या मते हा प्रश्न पोरकट नाही. सिद्धता पाठ करूनही 'पण असे का?' म्हणून अडून बसणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात एखादा तरी असतो आणि बहुधा मास्तर त्याला खाली बसवितात. पेरेराने त्याचीच शंका लॅटिनमध्ये मांडली होती. क्लावियसनेही तिला थेट उत्तर दिले, असे म्हणवत नाही. त्याने भर दिला तो निश्चिततेवर. तत्त्वज्ञांत पंथ किती आणि मतभेद किती! युक्लिडची प्रमेये मात्र शेकडो वर्षांपूर्वी जितकी खरी होती तितकीच आजही खरी आहेत, मग अशा विद्येला शास्त्र म्हणावयाचे नाही तर कशाला? पेरेराच्या आक्षेपाचा समाचार घेणारा निबंध जुझेप्पे बियांकानी या येशूसंघीय गणितज्ञाने १६१५ साली प्रसिद्ध केला, तेव्हा क्लावियस हयात नव्हता.

परंतु वाद केवळ ग्रंथांतला असता, तर क्लावियस इतका अस्वस्थ झाला नसता. गणिताची वाढ संघाच्या शाळांत कशी व्हावी, याविषयी त्याने वरिष्ठांना जे टिपण लिहिले, त्यात खरे दुखणे उघड झाले आहे. तत्त्वज्ञानाचे अध्यापक भरवर्गात मुलांना सांगतात, की गणित हे शास्त्र नव्हे, त्यात अर्थ नाही. मग मुलांनी ते शिकावे तरी कशाला? म्हणून त्याची मागणी अशी होती: इतर अध्यापकांनी गणिताची हेटाळणी करू नये, वादसभांना गणिताच्या अध्यापकालाही मानाने बोलवावे, आणि निवडक विद्यार्थ्यांसाठी गणिताचा वेगळा प्रगत वर्ग असावा. तो अभ्यासक्रमाइतकीच प्रतिष्ठाही मागत होता. भरसभेत प्रश्न सोडविण्याचा नियम वर सांगितला, त्याचे मर्म आम्हांस येथे दिसते. इतर विषयांच्या विद्यार्थ्यांदेखत गणिताला उभे राहू देणे, हेच त्यातील महत्त्वाचे. गणित नको म्हणून शाखा निवडणारी मुले प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांच्या मनात ही भीती आकड्यांनी घातली की मोठ्यांच्या बोलण्याने, याचा विचार पालकांनी करावा.

या महाविद्यालयात क्लावियसच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत मात्तेओ रिची हा इटालियन तरुण होता. तो १५७८ साली गोव्यात उतरला. १५८० साली कोची येथे त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि १५८२ साली तो मकावला रवाना झाला. चीनमधील त्याचे कार्य सर्वश्रुत आहे. गोव्यातील त्याच्या वास्तव्याकडे मात्र आपल्या लोकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

गोव्याच्या महाविद्यालयात तेव्हा असे ठरू लागले होते, की येथील देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवू नये. कारण काय, तर वरचे शिक्षण मिळाले की ते गर्विष्ठ होतील आणि गोरगरिबांच्या धर्मग्रामांत काम करावयास नाकारतील. १५८१ साली रिचीने संघाचे महाधिपती आक्वाविवा यांना पत्र लिहून याला हरकत घेतली. हाच आक्षेप युरोपात आपण शिकवितो त्या इतर मुलांवरही घेता येईल, पण म्हणून तेथे कोणी वर्ग बंद करीत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. तेव्हा तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता, हेही ध्यानात घ्यावे.

आमच्या दृष्टीने या पत्राचा गणिताशी निकटचा संबंध आहे. संघाच्या व्यवस्थेत उच्च गणित स्वतंत्र उभे नव्हते, ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमाच्या पोटात होते. ज्याला तत्त्वज्ञानाचे दार बंद, त्याला युक्लिडचेही दार बंद. रोममध्ये क्लावियस आपल्या विषयासाठी वर्गात जागा मागत होता आणि त्याच सुमारास त्याचा शिष्य गोव्यात, त्या वर्गात आपल्या मुलांना बसू द्या, असे सांगत होता. दोघांना एकमेकांच्या या झगड्याची खबर होती वा नव्हती, मागणी मात्र एकाच अभ्यासक्रमाभोवतीची होती.

रिची पुढे पेकिंगला पोहोचला. तेथे शांघायचे विद्वान श्यू क्वांगची, ज्यांनी १६०३ साली पौल हे नाव धारण करून बाप्तिस्मा घेतला होता, त्यांच्यासह त्याने युक्लिडच्या पहिल्या सहा भागांचे चिनी भाषांतर केले. रिची तोंडी अर्थ सांगे आणि श्यू तो चिनी भाषेत उतरवून घेत. हाताशी आवृत्ती होती ती क्लावियसचीच. १६०७ साली ग्रंथ छापून झाला. क्लावियस या नावाशी लॅटिनमधील खिळा या शब्दाचे साम्य आहे, म्हणून रिचीने आपल्या गुरूला चिनी भाषेत 'तिंग', म्हणजे खिळा, असे आडनाव दिले. चिनी वाचकांना युक्लिड भेटला तो या तिंग गुरुजींच्या टीकेवरून.