भेंडोळे, घडी आणि खण

आमच्या घरात एक जुना नकाशा आहे. त्याच्या बरोबर मध्यावर मसुराच्या डाळीएवढे भोक आहे, आणि त्या भोकापायी आमच्या घराण्याच्या दोन शाखा अकरा वर्षे एकमेकींच्या उंबऱ्याला शिवल्या नाहीत. दिवाळीच्या फराळापुढे हे काय रडगाणे, असे वाचक म्हणतील. पण मला सांगायची आहे ती भांडणाची हकिकत नव्हे. मोठा कागद ठेवायचा कसा, हा साधा दिसणारा प्रश्न आपल्याकडे कोणी कसा सोडवला आणि कोणी कसा बिघडवला, त्याची ही हकिकत आहे.

मी हातकणंगल्यात राहणारा निवृत्त चित्रकला-शिक्षक. मूळ गाव पंचगंगेकाठचे, याच तालुक्यातले. आजोबांनी गावनकाशाची एक नक्कल मिळवली, तिच्यावर दोन मुलांच्या वाटणीची रेघ तांबड्या शाईने स्वतः ओढली आणि नकाशाची आठपदरी घडी घालून ती ट्रंकेत ठेवली. ही रेघ सरकारी टिपणात नाही, दुसऱ्या कोणत्याच कागदावर नाही. घडीवर घडी जेथे येते तेथे कागद आधी झिजतो, मग फाटतो. रेघ उत्तरेकडून त्या भोकात शिरते आणि पूर्वेकडून बाहेर पडते. आत ती कोठे वळली, हे आजोबांनाच ठाऊक. आमचा नकाशा मैलाला आठ इंच अशा मापाचा आहे. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचा सव्वीस फूट झाला. पाच मिलिमीटरच्या गोल भोकात किती जमीन मावते, ते मी एकदा पाटीवर मांडून पाहिले. सुमारे बारा गुंठे! तीही उसाची.

आमच्या पूर्वजांना, म्हणजे मराठेशाहीतल्या कारकुनांना, हा त्रास फारसा झाला नसावा. त्यांचा कागद हाताने केलेला, जुन्नरचा नाहीतर दौलताबादेकडचा, घोटून गुळगुळीत केलेला. लिहायचे ते लांबट, अरुंद बंदांवर. मजकूर वाढला की बंदाला बंद चिकटवायचा. अशा लांब कागदाची सुरळी होते, नाहीतर एकाच दिशेने घडी पडते. घडीवर आडवी घडी क्वचित येते, म्हणून भोकही क्वचित पडते. असे कागद एकत्र करून चौकोनी फडक्यात बांधत. त्या गाठोड्याला म्हणत रुमाल. 1818 साली पेशवाई गेली आणि पुण्याचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले, ते अशा हजारो रुमालांच्या रूपाने. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात छापून निघाले. शंभर-सव्वाशे वर्षे बांधून पडलेला कागद वाचता आला, याचे श्रेय संशोधकाच्या डोळ्यांना जितके, तितकेच मला त्या फडक्यालाही द्यावेसे वाटते. कापडातून वारा खेळतो. आत ओल शिरली तरी ती बाहेर पडायला वाट असते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो मला चांगलाच भोवला आहे.

मोठा कागद आणला तो मोजणीने. मुंबई इलाख्यात प्रिंगलसाहेबांची पहिली मोजणी फसली. मग 1835 पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम उभे केले आणि 1847 च्या अहवालात त्याची रीत पक्की झाली. साखळी 33 फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. रुपयाचे आणे मोजणाऱ्या कुणब्याला हा हिशेब सहज समजला. हीच पद्धत पुढे कोल्हापूर संस्थानातही आली. तेव्हा आमच्या या भागाचे ठाणे आळते होते, हातकणंगले नव्हे. आणि शेताच्या हद्दी, विहिरी, ओढे, पाणंदी सगळे एका कागदावर दाखवायचे म्हटल्यावर तो कागद अंगरख्याच्या खिशात मावणारा कसा असेल?

इंग्रजांच्या कागदाच्या मापांची नावे मोठी गमतीची. सत्तावीस इंच बाय चाळीस इंचाच्या तावाला ते ‘डबल एलिफंट’, म्हणजे दुहेरी हत्ती म्हणत. हत्ती दारी बांधायचा तर तबेलाही तसाच हवा! नकाशाच्या कचेऱ्यांतून त्यासाठी रुंद, उथळ खणांची सागवानी कपाटे असत. एका खणात थोडेच ताव, तेही आडवे, सपाट. कारण मोजणीच्या नकाशाला घडी म्हणजे जखम. घडीपाशी कागदाचे तंतू मोडतात आणि त्यावरून घेतलेले माप खोटे ठरते. सुरळी त्यापेक्षा बरी, पण तिचीही खोड आहे. वर्षानुवर्षे गुंडाळलेले भेंडोळे उलगडले की पुन्हा आपसूक मिटते. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून वाचावे लागते आणि दर वेळी कड थोडी तुटते.

हे सगळे शास्त्र तालुक्याच्या गावी पोहोचता पोहोचता विरळ होत गेले. जागा नाही, कपाट महाग. मग नकाशा गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर, नाहीतर घडी करून फायलीत. 1947 च्या कायद्याने जमिनींचे एकत्रीकरण ठरले, सर्व्हे नंबरांचे गट झाले, नवे नकाशे आले आणि जुन्यांवर धूळ आणखी चढली. मी एका कचेरीत (नाव कशाला घ्या?) भेंडोळ्यांचा ढीग शिडीखाली पाहिला आहे. आता नकाशांच्या संगणकी प्रती होत आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण प्रत काढण्यासाठीही कागद आधी सपाट लागतो, आणि भोकाची प्रत काढली तर भोकच येते.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा गावात शिरली. 2005 ला पाणी ओसरीच्या पायरीपर्यंत आले होते. या वेळी ते माजघरात आले. चुलतभाऊ आप्पा अकरा वर्षांनी माझ्या दारात उभा राहिला तो भिजलेल्या बायकामुलांसह, डोक्यावर आजोबांची ती ट्रंक घेऊन. आम्ही दोघांनी मिळून नकाशा चादरीवर उलगडला आणि पंख्याखाली वाळवला. बोललो ते एवढेच, “तिकडची कड धर” आणि “सावकाश.”

त्यानंतर मी ठरवले की आता खण करायचे. माझ्यापाशी शंभर-सव्वाशे मोठे ताव आहेत. गावनकाशे, कुस्त्यांच्या मैदानांची भिंतीपत्रके, मुलांची जुनी चित्रे. सागाचे कपाट परवडेना. पत्रा या हवेत गंजतो. राहिले प्लास्टिक. पण सगळे प्लास्टिक सारखे नसते. पीव्हीसी जुने होताना आम्ल सोडते आणि शेजारचा कागद पिवळा करते. पॉलिप्रॉपिलीन त्या मानाने सज्जन. इटलीत 1954 साली जूलिओ नात्ता यांनी त्याची घडण सिद्ध केली आणि पुढे 1963 चे नोबेल पारितोषिक त्सीग्लर यांच्यासह मिळवले.

पुलाची शिरोली आमच्याच तालुक्यात. तेथील औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे लाकडी फरमे करणारे एक मिस्त्री ओळखीचे होते. मी काटकोनी, उभ्या कडांचे चित्र काढून नेले. ते हसले. “मास्तर, कडेला उतार दिल्याबिगर माल साच्यातनं निघायचा न्हाई. आन् उतार दिला की एकात एक बसतंय, ते आणि फुकटात.” लोखंडी साच्याचा खर्च ऐकून मी खुर्चीतच बसलो. मग तापवलेला पत्रा लाकडी फरम्यावर अंथरून खालून हवा ओढून घ्यायची पद्धत धरली. तिच्यात कोपऱ्यांपाशी पत्रा ताणून पातळ होतो, म्हणून कोपरे गोल केले.

पहिला खण फसला. वीस तावांचे वजन ते किती! पण चाळीस इंचांच्या लांबीत तळ मध्येच बसला आणि खालच्या कागदावर टेकला. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण पैसाही वाढतो. मिस्त्रींनी तळाला आडव्या पन्हळी काढल्या आणि मध्य किंचित वर उचलला. वरच्या खणाचा भार आता चार कडांवरून खाली उतरतो, कागदावर येत नाही. पुढची कड बुटकी ठेवली, म्हणजे ताव न वाकवता पुठ्ठ्यासकट ओढून काढता येतो.

दुसरी चूक निव्वळ माझी. धूळ नको म्हणून मी झाकण घट्ट बसवले. पावसाळा सरताना उघडले तर एका भिंतीपत्रकावर बुरशीचे ठिपके! रुमालाच्या फडक्याला जे कळत होते ते मला कळले नव्हते. मग चारी बाजूंना भोके पाडली, आतून कापड लावले. हे प्लास्टिक पाण्याहून हलके असल्याने पुरात तरंगते, हेही मिस्त्रींनीच हौदात टाकून दाखवले. म्हणून बाराही खण मी वरच्या मजल्यावर, उन्हापासून दूर ठेवले आहेत. आग लागली तर मात्र सागवानापेक्षा ते लवकर जातील, हे कबूल.

नकाशा सर्वांत वरच्या खणात असतो. मागच्या दिवाळीत आप्पा फराळाला आला, चहाची कपबशी खाली ठेवून वर चढला. मी खण ओढला. त्याने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले.

“रेघ पुसट झाली का रे?”

“नाही.”

“आणि भोक?”

“आहे तेवढेच आहे,” मी म्हणालो आणि खण आत सरकवला.